स्टँडिंग बेअर विरुद्ध क्रूक : खटल्यातला प्रतिवादी जनरल नेमका कोणाच्या बाजूचा होता?

खटलेवाचक (धागाकर्ता)

नमस्कार. मी व्यवसायाने वकील आहे. हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेत ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणाऱ्या अर्जाचा, इतिहास चाळताना १८७९ सालच्या एका अमेरिकन खटल्यापाशी मी अडकून पडलो आहे. नेब्रास्का राज्यातील नायोब्रारा नदीकाठच्या पोंका जमातीला सरकारने १८७७ मध्ये सक्तीने दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, नेऊन ठेवले. तिथल्या हवेने आणि तापाने माणसे पटापट मेली. त्यांच्या स्टँडिंग बेअर नावाच्या प्रमुखाचा तरुण मुलगाही गेला. मुलाच्या अस्थी नायोब्राराच्या काठी पुरायच्या म्हणून तो सुमारे तीस माणसे घेऊन जानेवारी १८७९ मध्ये, ऐन थंडीत, परवानगीवाचून उत्तरेकडे निघाला आणि ओमाहा जमातीच्या राखीव मुलखात लष्कराच्या अटकेत पडला. त्याच्या अर्जावर न्यायाधीश एल्मर डंडी यांनी १२ मे १८७९ रोजी निकाल दिला की मूलनिवासी माणूस हा कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’च असून, लष्कराला त्याला असे डांबून ठेवता येणार नाही.

या खटल्यात प्रतिवादी म्हणून नाव आहे ते ब्रिगेडियर जनरल जॉर्ज क्रूक यांचे. ज्याच्या ताब्यात माणूस असतो तोच अशा अर्जात प्रतिवादी होतो, हे मला ठाऊक आहे. कोडे वेगळेच आहे. हा खटला उभा राहावा म्हणून पडद्यामागून सूत्रे हलवली ती खुद्द क्रूकनेच, असे मी एका ठिकाणी वाचले. आणि दुसऱ्या ठिकाणी हाच क्रूक ॲरिझोनातील अपाची जमातींना नमवणारा सर्वांत निष्ठुर आणि यशस्वी सेनानी म्हणून भेटला. ही दोन माणसे एकाच गणवेशात कशी मावली? या अधिकाऱ्याच्या अडतीस वर्षांच्या नोकरीबद्दल जाणकारांनी कृपया विस्ताराने लिहावे.

ओमाहाकर

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागापुरते लिहितो. मी या शहरात बरीच वर्षे राहतो. जुन्या फोर्ट ओमाहाच्या आवारात क्रूकसाठी १८७९ मध्येच बांधलेले विटांचे दुमजली घर आजही उभे आहे.

सूत्रे हलवल्याची गोष्ट प्रामुख्याने टॉमस टिबल्स या स्थानिक पत्रकाराच्या सांगण्यावर उभी आहे. मार्च महिन्याच्या अखेरीस क्रूक रात्री वृत्तपत्राच्या कचेरीत आला आणि आपल्याला वरून आलेला हुकूम पाळणे भाग आहे, पण तुम्ही वर्तमानपत्रवाले काही करू शकाल, अशा अर्थाचे बोलला, असे टिबल्सने लिहून ठेवले आहे. टिबल्सला नाट्याची हौस होती, हे त्याचे लिखाण वाचताना पानोपानी जाणवते. त्यामुळे त्या रात्रीचा प्रत्येक शब्द मी प्रमाण मानणार नाही. परंतु काही गोष्टी टिबल्सवर विसंबून नाहीत. पोंकांना ताबडतोब दक्षिणेकडे परत पाठवा असा हुकूम असताना, माणसे आजारी आहेत आणि त्यांची तट्टे प्रवासाच्या लायकीची उरलेली नाहीत, असे कळवून क्रूकने त्यांना फोर्ट ओमाहात ठेवून घेतले. त्या दिवसांमुळेच जॉन वेबस्टर आणि अँड्र्यू पॉपल्टन या दोन वकिलांना अर्ज दाखल करायला सवड मिळाली. सरकारी वकिलांनी, मूलनिवासी हा ‘व्यक्ती’ नसल्याने त्याला असा अर्ज करण्याचा अधिकारच पोचत नाही, असा युक्तिवाद केला. क्रूकने स्वतःच्या बचावासाठी तसला कोणताही उत्साह दाखवल्याचे दिसत नाही. मी हुकमाचा ताबेदार आहे, एवढाच त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

सुनावणीच्या शेवटी स्टँडिंग बेअर बोलायला उभा राहिला. त्याने हात पुढे धरला आणि हा हात तुमच्या हाताच्या रंगाचा नसला तरी टोचला तर मलाही दुखेल, रक्त येईल ते तुमच्या रक्तासारखेच असेल, असे सांगितले. त्याचे बोलणे इंग्रजीत सांगण्यासाठी ओमाहा जमातीची सुझेट ला फ्लेश ही तरुण शिक्षिका होती. आपण वकील आहात म्हणून मुद्दाम सांगतो : खटला हरलेल्या पक्षाच्या गोटात निकालाने आनंद व्हावा, असे प्रसंग आपल्या व्यवसायात फारसे येत नसावेत.

दफ्तरखाना

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी नोकरीच्या सुरुवातीपासून लिहितो, कारण १८७९ चा क्रूक समजण्यासाठी १८५२ चा क्रूक माहीत असणे आवश्यक आहे.

ओहायो राज्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८५२ मध्ये बाहेर पडला तेव्हा ४३ जणांच्या तुकडीत त्याचा क्रमांक ३८ वा होता. असा विद्यार्थी अभियंता होत नसे आणि तोफखान्यातही जात नसे. त्याला पायदळात घालून दूर कुठेतरी धाडत. क्रूकला चौथ्या पायदळ पलटणीत कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या डोंगराळ मुलखात पाठवण्यात आले. तिथे तो आठ-नऊ वर्षे राहिला आणि १८५७ मध्ये पिट नदीच्या मोहिमेत त्याच्या कमरेत घुसलेल्या बाणाचे टोक मरेपर्यंत अंगातच राहिले. त्या वर्षांत त्याने दोन गोष्टी पाहिल्या, ज्या त्याने पुढे कधी विसरल्या नाहीत. एक म्हणजे, सोने शोधायला आलेले गोरे आधी मूलनिवाशांच्या बायका आणि जमिनी बळकावतात, मग कुरापत निघाली की लष्कराला हाक मारतात आणि लष्कराला मात्र मूळ गुन्हेगाराला हात लावता येत नाही. दुसरी म्हणजे, ढोलताशांसह गाडीवाटेने चालणारी फौज डोंगरातल्या माणसाला कधीच गाठू शकत नाही.

यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूने लढला आणि स्वयंसेवक फौजेचा मेजर जनरल झाला. शेनान्डोआ खोऱ्यातील १८६४ च्या लढायांत वरिष्ठ होता फिलिप शेरिडन, वेस्ट पॉइंटमधला त्याचा जुना सोबती. फिशर्स हिलच्या विजयाची योजना आपली होती आणि श्रेय शेरिडनने लाटले, हा सल क्रूकच्या मनात राहिला. हे नाव लक्षात ठेवावे. बावीस वर्षांनी ते पुन्हा येईल. (जाता जाता : फेब्रुवारी १८६५ मध्ये मेरीलंडमधील कंबरलंड गावातील हॉटेलातून शत्रूच्या मूठभर स्वारांनी या जनरलला रात्री बिछान्यातून उचलून नेले होते. त्याच गावातल्या हॉटेलमालकाच्या मुलीशी, मेरी डेलीशी, त्याचे पुढे लग्न झाले आणि तिचा भाऊ त्या छाप्यात सामील होता. सासुरवाडीचे हे येणेजाणे मला नेहमी गमतीचे वाटते.)

युद्ध संपताच स्वयंसेवक फौज बरखास्त झाली आणि कालचा मेजर जनरल नियमित सैन्यात लेफ्टनंट कर्नल म्हणून उरला. तिथून आयडाहो आणि ओरेगॉनमध्ये पाय्यूट टोळ्यांविरुद्ध हिवाळ्यातल्या मोहिमा झाल्या आणि १८७१ मध्ये त्याला ॲरिझोनाचा सेनाविभाग मिळाला.

त्याची पद्धत तिथे पूर्ण आकाराला आली, म्हणून जरा थांबतो. गाड्या त्याने वगळल्या आणि सारी रसद खेचरांवर घातली. खेचरांचा हा तांडा म्हणजे त्याचा जीव होता. लष्करात तोवर पालाण म्हणून लाकडी सांगाडे वापरत, ज्यांनी जनावराची पाठ चार दिवसांत सोलवटून निघे. क्रूकने मेक्सिकन तांडेवाल्यांची ‘अपारेहो’ ही चामड्याची, आत गवत भरलेली गादी घेतली आणि प्रत्येक खेचराची गादी त्याच्याच अंगाबेताने भरून घेतली. आज या खेचरावर, उद्या त्या खेचरावर असे चालत नसे. तांड्याच्या पुढे गळ्यात घंटा बांधलेली घोडी असे. खेचरांना घोडीचे विलक्षण वेड असते. रात्री ती चरायला सोडली तरी घंटेच्या आवाजापासून लांब जात नाहीत. हाकारे त्याने पगारी नेमले, दारुडे काढून टाकले. स्वतः तो ‘अपाची’ नावाच्या खेचरावर बसे, अंगात गणवेशाऐवजी साधे जाडेभरडे कपडे, दाढीच्या दोन बटा विणून मागे बांधलेल्या, हातात बहुधा शिकारीची बंदूक. दारू नाही, शिव्या नाहीत, कोणाला मनातले सांगणे नाही.

दुसरे साधन म्हणजे स्काउट. वाटाड्या आणि टेहळ्या म्हणून मूलनिवासी माणसे लष्कर पूर्वीपासून घेत असे, परंतु त्या जमाती बहुधा शत्रूच्या वैरी असत. क्रूकने अपाचींच्याच मागावर अपाची घातले, व्हाइट माउंटन टोळीचे तरुण बंदुका देऊन भरती केले आणि त्यांना कवायत शिकवण्याच्या फंदात न पडता त्यांच्या रीतीने चालू दिले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे आपल्याकडे खेदाने म्हणतात. क्रूकने ते धोरण म्हणून वापरले आणि उघडपणे तसे सांगितलेही. डोंगरात लपलेल्या माणसाला सैन्याचे भय नसते, आपल्याच माणसाने आपली वाट दाखवली या जाणिवेने तो खचतो, हे त्याचे गणित होते.

नोव्हेंबर १८७२ ते एप्रिल १८७३ या टोन्टो खोऱ्यातील हिवाळी मोहिमेत अशा लहान लहान तुकड्या वेगवेगळ्या दिशांनी सोडून त्याने डोंगर अक्षरशः विंचरून काढला. एप्रिलमध्ये कॅम्प व्हर्डे येथे शरणागती झाली. बक्षीस म्हणून अध्यक्ष ग्रँट यांनी त्याला लेफ्टनंट कर्नलचा एकदम ब्रिगेडियर जनरल केले. ज्या ज्येष्ठ कर्नलांच्या डोक्यावरून तो गेला त्यांनी ते त्याला कधी माफ केले नाही.

फिनिक्सवासी

‘डोंगर विंचरून काढला’ हे शब्द वाचून थांबलो. त्या कंगव्यात काय अडकले, तेही इथे यायला हवे, म्हणून लिहितो.

२८ डिसेंबर १८७२ रोजी पहाटे सॉल्ट नदीच्या दरीत, कड्यातल्या एका उथळ गुहेत, सैन्याने एका टोळीला गाठले. वाट दाखवली नांताहे या स्काउटने. शरण या म्हणून पुकारले, आतून नकार आला. गुहेच्या तोंडाशी मोठे दगड होते, त्यामुळे नेम धरून मारता येईना; तेव्हा शिपायांनी गुहेच्या तिरप्या छतावर गोळ्या झाडल्या, म्हणजे त्या उसळून आत बसलेल्यांवर पडतील. दुसऱ्या तुकडीने वरून कड्यावरचे धोंडे ढकलले. सुमारे ७६ माणसे मेली आणि त्यांत बायकामुले होती. ती माणसे अपाची नव्हतीच, यावापाई होती. त्यांची भाषाही वेगळ्या कुळातली. लष्कराने त्यांना सरसकट ‘अपाची-मोहावे’ म्हटले आणि हे नाव त्यांना शंभर वर्षे चिकटले. या टोळीतला हूमोथ्या नावाचा लहान मुलगा काही दिवस आधीच शिपायांच्या हाती लागला होता, म्हणून वाचला. त्याचे सारे घर त्या गुहेत संपले. तो पुढे माइक बर्न्स या नावाने, ज्या कॅप्टनने त्याला पकडले त्याचेच आडनाव घेऊन जगला आणि म्हातारपणी हे सारे त्याने स्वतः लिहून ठेवले. हाडे तिथेच पडून होती. १९२० च्या दशकात यावापाई लोकांनी ती गोळा करून फोर्ट मॅकडॉवेल येथे पुरली.

क्रूक त्या दिवशी गुहेपाशी नव्हता. परंतु मोहीम त्याची, पद्धत त्याची आणि हुकूमही त्याचाच होता.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण तीही खरी आहे. शरण आलेल्या लोकांना कॅम्प व्हर्डेजवळ वसवल्यावर क्रूकने त्यांच्याकडून काही मैल लांबीचा पाट खणवून घेतला. धड अवजारे नव्हती. मोडके फावडे, कुदळ, कोपऱ्यात पडलेले जे असेल ते दिले. पाणी आले, पिके उभी राहिली, लोक आपले अन्न आपण पिकवू लागले. आणि तिथेच घात झाला. सरकारी शिध्याचे ठेके घेणारे टूसॉनचे व्यापारी हे पाहून अस्वस्थ झाले, कारण पोट भरलेल्या माणसाला शिधा कशाला विकणार? वॉशिंग्टनहून हुकूम आला की यांना सान कार्लोसच्या राखीव वसाहतीत हलवा. फेब्रुवारी १८७५ मध्ये सुमारे १,४०० माणसे गाडीवाट सोडून, बर्फाच्या डोंगरांतून, पूर आलेल्या नद्यांतून १८० मैल चालवत नेली. शंभराहून अधिक वाटेत मेली. एका म्हाताऱ्याने चालता न येणाऱ्या आपल्या बायकोला पाठीवरच्या टोपलीत बसवून सारी वाट पार केली. तिचे पाय टोपलीबाहेर लोंबत होते, असे बरोबर असलेल्या लष्करी डॉक्टरने नोंदवले आहे. क्रूकचा या हलवण्याला विरोध होता. त्याने विरोध नोंदवला, सोबतीला पंधरा स्वार दिले आणि मार्चमध्ये तो बदलीवर ओमाहाला निघून गेला. यावापाई-अपाची लोक आजही दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस ती वाट आठवतात.

मागे मी कॅम्प व्हर्डेच्या पूर्वेला डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या ‘जनरल क्रूक ट्रेल’वर एक दिवस चाललो होतो. क्रूकने कॅम्प व्हर्डे ते फोर्ट अपाची अशी ही लष्करी वाट पाडून घेतली. जुन्या पाइनच्या खोडावर आणि दगडावर ‘व्ही’ हे अक्षर आणि पुढे मैलांचा आकडा कोरलेला काही ठिकाणी अजून सापडतो. व्ही म्हणजे व्हर्डे. मी जो पाहिला त्यावर झाडाच्या सालीने दोन्ही बाजूंनी कड धरली होती, आकडा बोटाने चाचपून वाचावा लागला.

घोडखिंड

माझा प्रश्न थोडा आडवा आहे. १८७६ च्या सू (लकोटा ही त्यांचीच शाखा) जमातींविरुद्धच्या मोहिमेत क्रूकने माती खाल्ली, असे मानणारा एक मोठा वर्ग आहे. १७ जूनला रोझबड नदीकाठी लकोटा आणि शायान स्वारांनी त्याला दिवसभर अडकवले, तो मागे फिरला, गूज क्रीकला तळ देऊन बसला आणि २५ जूनला कस्टर हा दुसरा लष्करी अधिकारी लिटल बिगहॉर्न नदीकाठी मारला गेला. जाणकारांचे मत काय?

दफ्तरखाना

मत थोडक्यात देतो : टीका बहुतांशी रास्त आहे. रोझबडचे मैदान सायंकाळी क्रूकच्या ताब्यात होते म्हणून त्याने त्याला विजय म्हटले, परंतु ज्या सैन्याने पुढे जायचे होते ते मागे गेले, यालाच युद्धशास्त्रात काय म्हणतात ते सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी सकाळी अचानक आलेला हल्ला थोपवून धरला तो त्याच्या बाजूच्या क्रो आणि शोशोनी स्काउटांनी, हेही नमूद केले पाहिजे. शायान लोक या लढाईला ‘जिथे मुलीने भावाला वाचवले’ असे म्हणतात, कारण बफेलो काफ रोड वुमन ही तरुणी घोडा फेकत गोळीबारात शिरली आणि तिने आपल्या भावाला उचलून आणले. माझ्या मते लढाईचे हे नाव अधिक नेमके आहे. उरलेल्या उन्हाळ्यात त्याने पाठलाग इतका ताणला की सप्टेंबरमध्ये शिधा संपून शिपायांना स्वतःचे थकलेले घोडे मारून खावे लागले. ॲरिझोनाच्या डोंगरात जो माणूस खेचरांच्या बळावर अजिंक्य होता, तो मैदानात, हजारोंच्या सैन्यासह, एक सामान्य सेनापती होता. इतकेच.

खटलेवाचक (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फिनिक्सवासी यांच्या प्रतिसादाने मला थोडे वेगळे दिसू लागले आहे. कॅम्प व्हर्डेच्या शरणागतीत क्रूकने काही शब्द दिला असणार आणि वॉशिंग्टनने तो मोडला. आमच्या भाषेत सांगायचे तर मुखत्याराने करार केला आणि मालकाने तो नाकारला. १८८६ मध्ये त्याने ॲरिझोनाची जबाबदारी सोडली, त्याचेही मूळ हेच होते काय?

दफ्तरखाना

नेमके हेच मूळ होते. मुखत्यार आणि मालक ही उपमा माझ्या डोक्यात आली नव्हती, पण ती चपखल आहे.

क्रूक १८८२ मध्ये ॲरिझोनात परत आला. मे १८८३ मध्ये तो १९३ अपाची स्काउट आणि जेमतेम पन्नासाच्या आतबाहेर गोरे शिपाई घेऊन सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतात शिरला. हे प्रमाण पाहावे. स्काउटांच्या मनात आले असते तर त्यांनी त्याला आणि त्याच्या शिपायांना तिथेच संपवले असते. अपाचींपैकी चिरिकाहुआ टोळ्यांचा जो गड आजवर कोणी पाहिला नव्हता तिथे तो पोचला आणि लढण्यापेक्षा बोलूनच सुमारे सव्वातीनशे माणसे घेऊन परतला. त्यांचा नामांकित लढवय्या जेरोनिमो काही महिन्यांनी आला.

मे १८८५ मध्ये जेरोनिमो पुन्हा पळाला. जानेवारी १८८६ मध्ये मेक्सिकोत कॅप्टन क्रॉफर्ड हा क्रूकचा विश्वासू अधिकारी मेक्सिकन तुकडीच्या गोळीने मेला. मार्च १८८६ च्या अखेरीस सोनोरातील कॅन्यन दे लोस एम्बुदोस येथे, सीमेच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर, बोलणी झाली. टूम्बस्टोन गावचा छायाचित्रकार फ्लाय तिथे आपले यंत्र घेऊन हजर होता, म्हणून आपल्याला ती बैठक आजही दिसते : जमिनीवर गोल करून बसलेली माणसे, जेरोनिमो एका बाजूला, डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात मोजे घातलेला क्रूक दुसऱ्या बाजूला. क्रूकने अट दिली की दोन वर्षे कुटुंबासह पूर्वेकडे कैदेत राहा, मग आपल्या मुलखात परत या. त्यांनी ती मान्य केली. त्याच सुमारास एका दारूविक्याने तळाजवळ मेस्कल विकली आणि सीमेपलीकडे नेल्यावर तुम्हाला मारणार आहेत असे भरवले. जेरोनिमो आणि नाइचे हा प्रमुख तीस-पस्तीस माणसांसह रात्रीतून निघून गेले. चिवावा हा दुसरा प्रमुख आणि बाकीचे मात्र शब्दाला जागून राहिले.

इकडे वॉशिंग्टनहून तार आली. सेनाप्रमुख आता शेरिडन होता. अध्यक्षांना अटी मान्य नाहीत, शरणागती बिनशर्तच हवी, असा तिचा आशय होता; शिवाय स्काउटांच्या निष्ठेबद्दल त्याने शंका घेतली. क्रूकपुढे दोन वाटा होत्या. जे राहिले त्यांना जाऊन सांगायचे की मी दिलेला शब्द खोटा होता, किंवा गप्प बसून त्यांना फ्लोरिडाला रवाना करायचे. १ एप्रिल १८८६ रोजी त्याने आपल्याला या जबाबदारीतून मोकळे करावे असे कळवले आणि दुसऱ्याच दिवशी नेल्सन माइल्सची नेमणूक झाली. चिवावाच्या लोकांना त्याने पाठवून दिले. अटी नाकारल्या गेल्याचे त्यांना सांगितले नाही. त्याच्या नोकरीतली ही एक गोष्ट मला कितीही विचार केला तरी पटत नाही आणि त्याला स्वतःलाही पटली नसावी, असे त्याच्या पुढच्या चार वर्षांवरून दिसते.

माइल्सने बहुतेक स्काउट काढून टाकले, पाच हजार सैनिक लावले, डोंगरांवर आरशांनी संदेश पाठवणारी ठाणी उभारली आणि पाच महिने काही हाती लागले नाही. शेवटी क्रूकच्याच हाताखाली तयार झालेला लेफ्टनंट गेटवूड, कायीता आणि मार्टिन या दोन चिरिकाहुआंना घेऊन गेला आणि त्याने जेरोनिमोला समजावले. ४ सप्टेंबर १८८६ ला शरणागती झाली. त्यानंतर चिरिकाहुआंना सरसकट कैदी म्हणून रेल्वेने फ्लोरिडाला नेले. जे वर्षानुवर्षे लष्कराच्या पगारावर स्काउट होते, ते सुद्धा. कायीता आणि मार्टिन सुद्धा. ही कैद १९१३ पर्यंत, सत्तावीस वर्षे, चालली.

ओमाहाकर

धागाकर्त्यांच्या उपमेला शेवटचा पुरावा जोडतो. १८८८ मध्ये क्रूक मेजर जनरल झाला. १८८९ मध्ये सरकारने त्याला एका आयोगाबरोबर लकोटांकडे जमीन मागायला पाठवले, कारण त्याच्या शब्दाला त्यांच्यात किंमत होती, हे सरकारला पक्के ठाऊक होते. कायद्याने तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागत होत्या. क्रूकने मेजवान्या दिल्या, एकेकाला गाठून समजावले. गयावया केली नाही, पण आज आहे ते घ्या, उद्या एवढेही मिळणार नाही, असे सांगितले. सुमारे नव्वद लाख एकर जमीन गेली. शिधा कमी होणार नाही, असे आयोगाने सांगितले होते. सह्या झाल्यावर थोड्याच दिवसांत गोमांसाचा शिधा कापण्यात आला. क्रूक वॉशिंग्टनला जाऊन भांडला, उपयोग झाला नाही. तेव्हा मुखत्याराला एकदा फसवले गेल्यावर दुसऱ्यांदा त्याच मालकाचे वकीलपत्र त्याने का घेतले, हा प्रश्न मी आपल्यासारख्या वकिलांवर सोपवतो.

२१ मार्च १८९० रोजी शिकागोतल्या हॉटेलात सकाळी त्याचे हृदय बंद पडले. निदान तो तरी आमच्याशी खोटे बोलला नाही, असे लकोटांचा प्रमुख रेड क्लाउड याने त्यावर म्हटल्याचे सांगितले जाते. नऊ महिन्यांनी वूंडेड नी येथे लष्कराने केलेले लकोटांचे हत्याकांड झाले.

फिनिक्सवासी

मरण्याआधी अडीच-पावणेतीन महिने, जानेवारी १८९० च्या पहिल्या दिवसांत, क्रूक अलाबामातील माउंट व्हर्नन बराकींत गेला होता. चिरिकाहुआ कैदी तोवर तिथे आणले होते. त्यांना तिथून हलवावे म्हणून तो सरकारदरबारी खटपट करत होता आणि त्यासाठी त्याला त्यांच्या जबान्या हव्या होत्या. लोक त्याच्याभोवती जमले. जेरोनिमोही पुढे आला, पण क्रूकने त्याच्याशी बोलायला साफ नकार दिला. त्याच्या शब्दावर माझा विश्वास नाही, असे तो म्हणाला.

चाटो मात्र बोलला. हा एकेकाळचा नामांकित लढवय्या, नंतर क्रूकचा सार्जंट आणि सर्वांत भरवशाचा स्काउट. १८८६ च्या उन्हाळ्यात त्याला इतरांबरोबर वॉशिंग्टनला बोलावून सन्मान केला, मोठे पदक दिले आणि घरी परतताना वाटेत थांबवून तसेच फ्लोरिडाच्या तुरुंगात टाकले. क्रूकपुढे त्याने छातीवरचे ते पदक हातात धरले आणि विचारले, हे मला कशासाठी दिले होते, तुरुंगात घालायला?

क्रूकने ती जबानी लिहून घेऊन इतर जबान्यांबरोबर वॉशिंग्टनला पाठवली. चाटो आणखी तेवीस वर्षे कैदी होता.